खडकीच्या वॉर सिमेट्रीत कोण आहेत, आणि आपले सैनिक कुठे आहेत?

पुण्यात होळकर पुलाच्या जवळ, मुळा रोडला लागून खडकी वॉर सिमेट्री आहे. आत हिरवळ, सरळ रांगांमध्ये सारख्या मापाच्या शिळा आणि प्रत्येकीच्या पायाशी फुलझाडं. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांना इथे पुरलेलं आहे. शिळांवरची नावं वाचत निघालं की बहुतेक इंग्रज, स्कॉटिश माणसंच भेटतात. कितीतरी जण विशी-पंचविशीतली पोरं.

इथे पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी माणसाला दोन प्रश्न पडतात. पुण्यात तर लढाई झाली नव्हती, मग एवढे सैनिक इथे कसे? आणि त्याच युद्धात आपल्याकडचेही हजारो लोक गेले, ते कुठे आहेत? दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, पण त्याचं उत्तर समजायला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात पश्चिम भारत हा सैन्याचा तळ होता. मुंबई बंदरात फौजा उतरायच्या आणि पुणे, खडकी, देवळालीच्या छावण्यांत सराव आणि औषधपाणी चालायचं. अशा ठिकाणी माणसं गोळीने कमी आणि आजाराने, अपघाताने किंवा रणांगणावर झालेल्या जखमांनी जास्त जातात. त्यांना तेव्हा जवळच्या गावातल्या किंवा कँटोन्मेंटच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत पुरलं गेलं. युद्ध संपलं, ब्रिटिश गेले, आणि विखुरलेल्या या थडग्यांकडे कायम कोण बघणार असा प्रश्न उभा राहिला. म्हणून पश्चिम आणि मध्य भारतातली जी थडगी सांभाळणं कठीण होतं, तिथले अवशेष काढून खडकीला आणले. ही जागा मुळात त्यासाठीच तयार केली.

याच आवारात पहिल्या महायुद्धाचं एक वेगळं स्मारक आहे. त्या काळात भारतात मरण पावलेल्या आणि ज्यांची थडगी आता सांभाळता येत नाहीत अशा १,८०० हून अधिक सैनिकांची नावं त्यावर आहेत. त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून जून १९६२ मध्ये इथे आणून पुन्हा पुरले. म्हणजे युद्ध संपून चव्वेचाळीस वर्षं झाली तरी मेलेल्या सैनिकांची व्यवस्था लावणं चालूच होतं.

हे काम कोण करतं? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन नावाची संस्था. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने मेलेल्या सुमारे १७ लाख लोकांचं स्मरण ही संस्था दीडशेहून अधिक देशांत, २३ हजार ठिकाणी सांभाळते. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत असे सहा देश तिचा खर्च उचलतात. खडकीच्या हिरवळीला पाणी घालणारा माळी आणि फ्रान्समध्ये शिळा धुणारा माणूस एकाच संस्थेसाठी काम करतात.

ती सुरू झाली एका माणसाच्या अस्वस्थतेतून. १९१४ साली फेबियन वेअर हा गृहस्थ रेड क्रॉसच्या गाड्यांच्या एका तुकडीचा प्रमुख म्हणून फ्रान्समध्ये गेला. त्याला दिसलं की मेलेल्यांना घाईघाईत पुरतात, लाकडाचा क्रूस खोचतात आणि पुढे निघून जातात. पाऊस आला, तोफगोळा पडला की खूण गेली. कुठल्या पलटणीचा कोण कुठे पुरला याची नोंद कुणीच ठेवत नव्हतं. वेअरच्या तुकडीने ती ठेवायला सुरुवात केली. तोपर्यंतच्या युद्धांत सेनापतींचे पुतळे उभे राहायचे आणि साधे शिपाई एका खड्ड्यात जायचे. वेअरच्या वह्यांनी ती पद्धत मोडायला सुरुवात झाली. २१ मे १९१७ रोजी राजाच्या सनदेने ‘इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’ स्थापन झालं. १९६० पासून त्याला आजचं नाव आहे.

ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केनियन यांनी १९१८ साली या संस्थेसाठी नियम सुचवले. प्रत्येक मृताचं नाव कोरलं जावं, थडग्याच्या शिळेवर किंवा थडगं नसेल तर स्मारकावर. ते कायमस्वरूपी असावं. सगळ्या शिळा एकसारख्या असाव्यात. आणि हुद्दा, वंश, धर्म यावरून कुठलाही भेद होऊ नये. यातली शेवटची ओळ लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं.

समानतेचा हा आग्रह श्रीमंतांना सहज पटला नाही. १९१५ च्या वसंतात माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या नातवाचा मृतदेह खास परवानगी काढून फ्रान्सहून घरी नेला गेला. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख त्याचा मुलगा घरी येणार, खाणकामगाराचा मुलगा परक्या मातीत राहणार, हे वेअरला मान्य नव्हतं. त्याच वर्षी मृतदेह मायदेशी नेण्यावर बंदी आली. ज्या मातीत माणूस पडला त्याच मातीत त्याला ठेवायचं, जनरल असो की शिपाई. घरच्यांसाठी हे फार जड होतं. युद्धात तीन मुलं गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी आठ हजार सह्यांचा अर्ज केला, निदान शिळेऐवजी क्रूस तरी उभारू द्या म्हणून. ४ मे १९२० रोजी ब्रिटिश संसदेत यावर मोठी चर्चा झाली आणि शेवटी एकसारख्या शिळांचाच निर्णय कायम राहिला. त्या आईची बाजू मला समजते. तरी निर्णय योग्यच होता असं मला वाटतं.

आता एक शिळा जवळून पाहू. उंची साधारण ८१ सेंटीमीटर, रुंदी ३८, जाडी साडेसात. माथ्याची कड किंचित गोलाकार, म्हणजे पावसाचं पाणी साचत नाही. वर पलटणीचं चिन्ह. त्याखाली सैनिकी क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख, वय. मग धर्मचिन्ह. ख्रिस्ती असेल तर क्रूस, ज्यू असेल तर डेव्हिडचा तारा. मुस्लिम सैनिकाच्या शिळेवर अरबी ओळ असते, हिंदूच्या शिळेवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’. सगळ्यात खाली कुटुंबाने निवडलेली एक ओळ. तिला मर्यादा ६६ अक्षरांची, दोन शब्दांमधली मोकळी जागा धरून. पहिल्या युद्धानंतर त्यासाठी अक्षरामागे साडेतीन पेनी मागायचे. न्यूझीलंडने या ओळीच नाकारल्या, कारण ज्याला पैसे परवडत नाहीत त्याची शिळा कोरी राहील आणि समानता तिथेच संपेल. ज्याची ओळखच पटली नाही त्याच्या शिळेवर रडयार्ड किपलिंग यांनी सुचवलेले शब्द आहेत, ‘देवालाच ठाऊक’ अशा अर्थाचे. किपलिंग यांचा स्वतःचा मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता.

पायाशी लावलेली फुलझाडं शोभेसाठी आहेतच, पण त्यांचं एक कामही आहे. पाऊस उघड्या मातीवर पडला की चिखल उडून शिळेवरची अक्षरं झाकतो. झाडं तो अडवतात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. पहिल्या महायुद्धात भारताचे सुमारे ७४ हजार आणि दुसऱ्यात सुमारे ८७ हजार सैनिक गेले. भारत म्हणजे तेव्हाचा अखंड हिंदुस्थान, आजचे पाकिस्तान आणि बांगलादेश धरून. यात मराठा पलटणींचे सातारा, रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड), कोल्हापूरकडचे लोक होते. ते खडकीत का दिसत नाहीत?

पहिलं कारण साधं आहे. हिंदू आणि शीख सैनिकांना पुरत नाहीत, दहन करतात. राख नदीत गेली की शिळा कशावर उभी करणार? यावर दफनभूमीतच एक वेगळं स्मारक उभारून दहन केलेल्यांची नावं त्यावर कोरण्याची पद्धत आली. नागालँडमधल्या कोहिमाला गेलात तर हे नीट दिसेल. १९४४ च्या एप्रिल ते जून या काळात जपानी सैन्याशी जिथे हातघाईची लढाई झाली, त्याच टेकडीवर १,४२० थडगी आहेत आणि वरच्या बाजूला ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन-स्मारक आहे. इटलीतल्या सांग्रो नदीकाठी असंच ५१७ जणांचं स्मारक आहे. आफ्रिकेत, आजच्या एरिट्रियातल्या केरेनला २८५ जणांचं. १९४१ साली केरेनच्या डोंगरांवर मराठा पलटणीही लढल्या होत्या. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर एक पांढरी संगमरवरी छत्री आहे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन तिथल्या रुग्णालयात मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना जिथे अग्नी दिला, त्याच जागी ती १९२१ साली उभारली. पण त्या ५३ जणांची नावं शेजारी कोरली गेली ती २०१० साली.

दुसरं कारण असं की खुद्द भारतात, लढाईपासून दूर मरण पावलेल्या भारतीय सैनिकांची दुसऱ्या महायुद्धातली नोंद दिल्ली आणि कराची इथल्या स्मारकांत एकत्र केली आहे. ती २५ हजारांहून जास्त नावं आहेत. जे भारतीय खलाशी समुद्रातच राहिले, त्यांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये आहे. दिल्लीचं इंडिया गेटही याच परंपरेतलं आहे. त्याच्या भिंतींवर १३ हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत, पण खालून फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोडे ती वाचतात.

तिसरं कारण मात्र नियमांचं किंवा धर्माचं नाही. ते अन्यायाचं आहे, आणि ते समजायला एकाच पलटणीच्या दोन पिढ्या पाहाव्या लागतील.

आधी दुसरी पिढी पाहू. यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यातल्या, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक या हुद्द्यावर. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे हाताखालच्या छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते सोडून सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले. सोबत कुणी उरलेलं नाही हे माहीत असून ते एकटे धावून गेले. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा गप्प केला, टॉमीगनने आणखी एकाला मारलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिने झोडपून मारलं. तेवढ्यात लपलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं थडगं कुठेच नाही. दक्षिणेकडच्या कॅसिनो गावात, ज्यांच्या अवशेषांचा ठावठिकाणा नाही अशा चार हजारांहून अधिक लोकांच्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. त्याच्या आजूबाजूला ब्रिटिश, कॅनेडियन नावं आहेत, त्याच आकाराच्या अक्षरांत. २०२३ साली इटलीतल्या मॉन्टोने गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ-स्मारकही उभारलं.

आता त्याच पलटणीची आधीची पिढी. १९२२ च्या फेररचनेआधी या तिसऱ्या पलटणीचं नाव होतं ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. पहिल्या महायुद्धात ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पूना डिव्हिजनमधून गेली. सोबत जंगी पलटण म्हणून ओळखली जाणारी १०३ वी होती आणि ११७ वी मराठाही होती. बगदादच्या दिशेने फार पुढे गेलेली ही फौज मागे हटताना टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा या गावात अडकली. डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा पडला. धान्य संपत आलं, मग घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. हिंदू सैनिकांतल्या कितीतरी जणांनी ते मांस नाकारलं आणि उपासमार, स्कर्व्ही सोसली. सोडवायला आलेल्या फौजांनी हजारो माणसं गमावली आणि तरी त्या पोचू शकल्या नाहीत. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजारांनी शरणागती पत्करली. पुढे वाळवंटातून पायी नेताना आणि कैदेत त्यांतले हजारो मेले.

ज्यांची थडगी सापडली नाहीत अशांसाठी इराकमधल्याच बसऱ्याला एक मोठं स्मारक बांधलं. चाळीस हजारांहून अधिक लोकांचं, आणि त्यातले बहुसंख्य भारतीय. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हुद्दा काहीही असो. भारतीयांमधल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली. शिपाई, नाईक, हवालदार यांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली एक आकडा आला. अमुक पलटणीचे इतके इतर सैनिक, एवढंच.

केनियन यांच्या नियमात वंशावरून भेद नाही असं लिहिलेलं होतं. ते फ्रान्समध्ये पाळलंही गेलं. १९१५ साली भारतीय फौजेने मोठा हल्ला चढवला त्या नव्ह-शापेल गावात, हर्बर्ट बेकर यांनी आखलेलं भारतीयांचं स्मारक १९२७ साली उघडलं. त्यावर साध्या शिपायांसह ४,७०० हून अधिक नावं आहेत, आणि मधोमध कमळाचा माथा असलेला उंच खांब. युरोपात, जगाच्या नजरेसमोर, नियम पाळला. मेसोपोटेमियात आणि पूर्व आफ्रिकेत, जिथे बघायला कुणी जाणार नव्हतं, तिथे म्हटलं गेलं की नोंदी पुरेशा नाहीत, थडगी ओळखता येत नाहीत, आणि इथल्या लोकांना नावाच्या शिळेचं महत्त्वही नसतं. नोंदी खरोखर तुटपुंज्या होत्या हे मान्य. पण फ्रान्समध्येही त्या तुटपुंज्याच होत्या. तिथे शोधल्या गेल्या. इथे शोधायचं कुणी मनावर घेतलं नाही.

जे बंदूक चालवत नव्हते त्यांचे हाल याहून वाईट. खेचरं हाकणारे, भिश्ती, स्वयंपाकी, हमाल, तुरुंगातून सुटका कबूल करून मेसोपोटेमियात नेलेले मजूर. फौज यांच्या जिवावर चालायची आणि रोगराईत हेच आधी मरायचे, पण त्यांची नोंद सगळ्यात कच्ची.

शंभर वर्षं हे असंच राहिलं. २०१९ मधल्या एका ब्रिटिश माहितीपटाने विषय पुढे आणला, कमिशनने चौकशी समिती नेमली आणि २२ एप्रिल २०२१ रोजी तिचा अहवाल आला. पहिल्या महायुद्धातल्या आशियाई आणि आफ्रिकी मृतांपैकी ४५ ते ५४ हजार जणांचं स्मरण बाकीच्यांसारखं केलं गेलं नाही. आणखी किमान १ लाख १६ हजार, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, लोकांची नावं कोरली गेली नाहीत किंवा त्यांचं स्मरणच झालं नाही. कारण म्हणून अहवालाने त्या काळच्या वंशभेदाचं नाव स्पष्टपणे घेतलं. कमिशनने माफी मागितली, ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. तेव्हापासून जुन्या लष्करी कागदांतून नावं शोधायचं काम सुरू आहे.

बसऱ्याचं स्मारक मात्र आज सहज जाऊन पाहण्यासारखं नाही. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकुमाने ते अख्खं उचलून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर दूर हलवलं गेलं. टायग्रिसकाठच्या अमारा (हे कुत-अल-अमारा नव्हे) इथल्या दफनभूमीतली अडचण वेगळीच होती. तिथल्या मातीतले क्षार दगड खात होते, म्हणून १९३३ साली सगळ्या शिळा काढून नावं एका भिंतीवर घेतली.

महाराष्ट्रातही या सैनिकांच्या खुणा आहेत, पण त्याही बहुतेक आकड्यांच्याच. युद्धानंतर सरकारने गावोगावी छोट्या संगमरवरी पाट्या लावल्या. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. घराघरांतून फौजेत जाण्याची परंपरा आजही चालू आहे, म्हणून सगळे त्याला मिलिटरी अपशिंगेच म्हणतात.

तुमच्या घरातून कुणी गेलं असेल, तर शोध घरच्या ट्रंकेतून सुरू करा. पदक असेल तर त्याची कड भिंगातून बघा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. माणूस त्या युद्धात गेला असेल तर बारा सेंटीमीटर व्यासाची, ब्रिटानिया आणि सिंह कोरलेली काशाची जड चकतीही सापडू शकते. ती मृतांच्या घरी पाठवत. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नसतो.

मग कमिशनच्या संकेतस्थळावर जा. शोध मोफत आहे. बसऱ्याच्या दगडावर नसलेली अनेक भारतीय नावं त्या यादीत आहेत. आपल्या आजच्या स्पेलिंगवर अडून बसू नका. गोऱ्या कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं, त्यामुळे एकच जाधव तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या स्पेलिंगमध्ये तेव्हा जास्तीचा एच असायचा (Mahratta). कित्येक नोंदींत आडनावच नसतं, नुसता सखाराम किंवा गणपत. म्हणून क्रमांक हाताशी असेल तर तोच वापरा, कारण नावं हजारदा येतात पण पलटण आणि क्रमांक यांची जोडी सहसा एकाच माणसाची असते. अधिकच्या माहितीत बापाचं नाव आणि गाव दिलेलं असेल तर जिल्हा जुना असेल हे लक्षात ठेवा. रायगडऐवजी कुलाबा, सिंधुदुर्गऐवजी रत्नागिरी.

आणि इतकं करूनही नाव सापडलं नाही, पण मृत्यू सेवेत असताना झाल्याचा कागद तुमच्याकडे असेल, तर तो कमिशनकडे पाठवा. पेन्शनचा कागद, पलटणीचं पत्र, डिस्चार्ज बुकाचं पान, काहीही चालेल. पुरावा तपासून ते नवी नावं आजही यादीत घेतात.